मोठे बाबा सापडले तेव्हा

तो फोन आला तेव्हा मी बाबांच्या शेजारीच बसले होते, म्हणून वेळीच बंद करता आला. दुपार होती. मी लॅबमधून जेवायला लातूरच्या आमच्या घरी आले होते आणि बाबा ताटावरून उठून हात पुसत होते. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मोबाईल कायम स्पीकरवर. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्यानं आधी बाबांचं पूर्ण नाव विचारलं, मग त्यांच्या आईचं. मग विचारलं, तुमच्या मोठ्या भावाचं लहानपणी कधी हाड मोडलं होतं का, दाढेत काही भरलं होतं का. बाबा उत्तरं देऊन राहिले होते. हाड मोडल्याचं आठवत नाही, दाढेचं माहीत नाही, असं सगळं नीट, शाळा तपासायला आलेल्या साहेबाला सांगावं तसं. शेवटी त्या माणसानं आधार कार्डाचा नंबर मागितला. मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि बंद केला.

बाबा माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "दादाबद्दल विचारून राहिले होते ते."

"म्हणूनच बंद केला," मी म्हणाले.

बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, लढाऊ विमानाचे पायलट होते. एकाहत्तरच्या लढाईत ते एका सकाळी विमान घेऊन गेले आणि परत आले नाहीत. घरी तार आली तिच्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. 'मृत' असा नव्हता. त्या एका शब्दावर माझी आजी पुढं जवळजवळ तीस वर्षं जगली. मी जन्मले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण आमच्या घरात ती कधी जुनी झाली नाही. आणि त्या शब्दाचा फायदा घेणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून माझा हात इतक्या चटकन फोनवर गेला.

मी तिसरीत होते. रेणापूरच्या पुढं आमचं गाव. उन्हाळ्यात एक माणूस गावात आला. दाढी वाढलेली, पायात टायरच्या चपला. आजीला म्हणाला, मी सरहद्दीपलीकडच्या तुरुंगात होतो, तुमचा मुलगा शेजारच्या खोलीत आहे. रोज पहाटे भिंतीतून 'बुद्धं सरणं गच्छामि' ऐकू येतं. आजीनं त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. आंबे कापून दिले, आजोबांचं धोतर दिलं. बाबा तेव्हा तरुण होते, नुकते मास्तर झालेले. त्यांनी त्या माणसाला विचारलं, माझा भाऊ लिहितो कोणत्या हातानं? तो म्हणाला, उजव्या. मोठे बाबा डावखुरे होते. बाबांनी आजीला बाजूला घेऊन हे सांगितलं, तर आजी म्हणाली, तुरुंगात हात बदलायला लावत असतील. तो माणूस गेला तेव्हा ओळख पटवायला म्हणून मोठ्या बाबांचा वर्दीतला फोटो घेऊन गेला. वर्दीतला तेवढा एकच फोटो आमच्याकडं होता.

गावाचा संशय वेगळाच होता. आम्ही बौद्ध. आजोबा पलटणीत होते, त्यांच्या बदल्यांमुळं मोठे बाबा छावण्यांतल्या शाळांत शिकले, इंग्रजी बोलायला शिकले आणि पुढं विमानात बसले. गावाला आधी हेच पटत नव्हतं. यांचा पोरगा विमान चालवतो म्हणजे काय, विमानाची झाडलोट करत असंल, असं चावडीवर बोललं जायचं. ते बेपत्ता झाल्यावर त्याच लोकांना ते विमान चालवत होते हे एकदम पटलं, कारण आता बोलायला नवीन मिळालं होतं: विमान घेऊन तिकडंच गेला. आजीनं हे हातपंपावर ऐकलं. ती घागर तशीच ठेवून घरी आली, असं आई सांगायची.

तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून पुन्हा फोन आला. या वेळी मी बोलले. म्हणाले, जे काय आहे ते पत्रानं कळवा. मला वाटलं, विषय संपला. हल्ली पोलीस असल्याचं सांगून म्हाताऱ्या माणसांना घाबरवणारे फोन आमच्या गल्लीतच दोघांना येऊन गेले होते.

पण पत्र आलं. रजिस्टर. त्यात आमच्या मूळ गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं, त्यामुळं माझा संशय आणखी वाढला. पत्रात होतं की डोंगराळ भागात एका जुन्या लढाऊ विमानाचे तुकडे आणि मानवी अवशेष मिळाले आहेत, विमानाच्या नंबरावरून ते अमुक अधिकाऱ्याचे असण्याची शक्यता आहे आणि खात्रीसाठी सख्ख्या भावाचं रक्त हवं आहे. मी पत्र घेऊन माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला काहीच माहीत नव्हतं, त्यानं पत्र उन्हाकडं धरून पाहिलं. चार दिवसांनी त्यानंच फोन करून सांगितलं, बाई, पत्र खरं हाय.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नीट डोक्यात शिरली नव्हती. अधिकाऱ्याच्या पत्नीशी संपर्क साधला असता त्यांनी आपला क्रमांक दिला, अशी ती ओळ. म्हणजे मोठी माय हे सगळं आमच्या आधी जाणत होती. बाबांचा नंबर तिनंच दिला होता, आणि आम्हाला एका शब्दानं कळवलं नव्हतं.

मोठी माय मोठ्या बाबांची बायको. माहेर नांदेडचं. लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा लढाई लागली. पुढं ती शिकली आणि किनवटकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत मराठीची बाई झाली. तिनं दुसरं लग्न केलं नाही. सुट्ट्या लागल्या की गावी आजीजवळ यायची. तिनं माझ्याकडून बाराखडी घटवून घेतली, माझं अक्षर तिच्या वळणाचं आहे. मग मी कॉलेजात असताना तो अर्ज आला. बेपत्ता जवानांच्या घरच्यांनी मिळून सरकारकडं मागणी करायची ठरवली होती, की पलीकडच्या तुरुंगांत आपली माणसं शोधा. बायकोची सही सगळ्यांत वर लागत होती. मोठ्या मायनं अर्ज दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, मी सही करणार नाही. आजीनं हात जोडले तरी केली नाही. का नाही, तेही सांगितलं नाही.

आजी त्यानंतर तिच्याशी बोलली नाही, मरेपर्यंत. बाबाही बोलले नाहीत. आमच्या घरात मग तिच्याबद्दल नाही नाही ते बोललं गेलं. तिकडं किनवटला कुणीतरी असणार. नाहीतर तिला काहीतरी ठाऊक आहे आणि ती लपवते आहे. यातलं दुसरं मला खरं वाटायचं. मी लोकांचं रक्त तपासते. चेहऱ्यावरून काय वाटतं ते मी धरत नाही, पण तिचा त्या दिवशीचा चेहरा मला आठवत होता आणि तो चेहरा ठाम होता. आशा सोडलेल्या माणसाचा नव्हता तो.

बाबा म्हणाले, तिच्याकडं जायचं काही कारण नाही. मी रविवारी सकाळची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारी नांदेडला उतरले.

मोठी माय तरोड्याच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात राहते. पंचाहत्तरी झाली, पण पाठ ताठ. मला दारात पाहून तिला नवल वाटलं नाही, हे मी लगेच टिपलं. जेवून आलीस का, असं विचारून ती पिठलं टाकायला उठली. मी म्हणाले, आधी बसा. पत्र आलंय.

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

"आम्हाला का नाही कळवलं?"

"तुम्ही माझा फोन घेतला असता का?"

मी दुसरीकडून विचारलं. एवढ्या वर्षांनी कुणी एक फोन करतो, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवता? बाबांचं रक्त जुळलं नाही तर? ती कांदा चिरत होती, वर न बघता म्हणाली, "जुळंल. डोंगराच्या त्या धारेखाली, बर्फात, दुसरं कोण असणार?"

मी पत्र पुन्हा काढलं. पत्रात डोंगराळ भाग एवढंच होतं. बर्फ नव्हता, धार नव्हती. मी विचारलं, बर्फाचं कुणी सांगितलं तुम्हाला? तिचा हात थांबला. मग म्हणाली, फोनवरचा माणूस बोलला असंल. आणि कांदा घेऊन आत गेली.

मी जेवले, पाया पडले आणि परतीची एसटी धरली. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात रक्त घ्यायला दोन माणसं आली, तेव्हा त्यांतल्या मोठ्याला मी सहज विचारावं तसं विचारलं, जागेबद्दल घरच्यांना फोनवर काय सांगता तुम्ही? तो म्हणाला, काहीच नाही, तशी परवानगीच नसते. मी मान हलवली. मग मोठ्या मायला बर्फाचं ठाऊक होतं ते आधीपासून. किती आधीपासून, एवढाच प्रश्न उरला.

रक्त लातूरच्या सरकारी दवाखान्यात घेतलं. मी बाबांच्या खुर्चीमागं उभी राहिले. बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं, सील लावल्यावर त्यावर माझी आणि बाबांची सही घ्यायला लावली. नमुने अदलाबदल होतात, मी होताना पाहिलेत. तरुण माणूस वैतागला. बाबा त्याला म्हणाले, राहू द्या, पोरीचं कामच ते हाय. मग बाही खाली करता करता त्यांनी मला विचारलं, आणि न्हाई जुळलं तर?

मी म्हणाले, तर ते दुसऱ्या कुणाचे असतील.

"मग त्यांच्या घरी फोन जायला पाहिजे," बाबा म्हणाले. "त्यांनीही कापू नये."

अडीच महिने गेले. या काळात गावाकडून बाबांच्या ओळखीचे लोक येऊन जात. गावात बातमी पोचली होती, आणि जे बाबांना रस्त्यात राम राम घालत नसत ते घरी येऊन चहा पीत होते. मी प्रत्येकाकडं बघत बसायची, हा कशाला आला असेल. आई असती तर मला रागावली असती.

निकाल जुळल्याचा आला. एका ओळीचं पत्र होतं. मी पूर्ण अहवाल मागवून घेतला आणि लॅबमध्ये दार लावून एकेक आकडा ताडून पाहिला. चूक शोधत होते. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं की वाईट, ते मला आजही सांगता येत नाही. सापडली नाही. ते माझे मोठे बाबाच होते. आपल्या हद्दीत, आपल्याच बाजूच्या डोंगरात ते पन्नासहून जास्त वर्षं पडून होते. तुरुंगात नव्हते आणि तिकडंही गेले नव्हते.

बाबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, उद्या नांदेडला जाऊ.

इतक्या वर्षांनी ते वहिनीच्या घरी पहिल्यांदा गेले. तिनं डोक्यावर पदर घेतला, खुर्ची पुसून पुढं केली. बाबांनी निकाल सांगितला. ती हो म्हणाली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, मोठी माय, बर्फाचं तुम्हाला आधीच माहीत होतं. फोनवर कुणी सांगितलेलं नाही, मी चौकशी केली आहे.

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. मग तिनं सांगितलं.

लढाई संपून दीड वर्ष झालं असेल. ती नुकती किनवटच्या शाळेत लागली होती. एक दिवस दुपारच्या सुट्टीत मोठ्या बाबांच्या बरोबरचा एक पायलट तिला शोधत शाळेत आला. त्या सकाळी दोन विमानं एकत्र गेली होती, दुसरं त्याचं. तो व्हरांड्यातल्या मुलांच्या बाकावर बसला. म्हणाला, वहिनी, मी हे सांगायला नको, पण तुम्ही वाट बघत बसू नये म्हणून आलो. माझ्या डोळ्यांसमोर विमान डाव्या धारेखाली बर्फावर आदळलं. पॅराशूटची छत्री उघडली नाही. त्याला काही कळलंसुद्धा नसेल. वरच्यांना मी सांगितलं, पण जागा शोधता आली नाही म्हणून कागदावर बेपत्ता लिहिलं. एवढं बोलून तो पाणी पिऊन गेला. तोही पुढं काही वर्षांतच वारला.

"मग आईला का न्हाई सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"सांगायलाच आले होते," ती म्हणाली. "त्याच शनिवारी गाडीत बसून गावी आले. आई अंगणात बाज विणून राहिल्या होत्या. म्हणाल्या, तो आल्यावर झोपायला पाहिजे, जुनी तुटली. तार आल्यापासून त्या नीट जेवत नव्हत्या, त्या दिवशी माझ्यासंगं दोन भाकरी खाल्ल्या. माझ्या तोंडून निघालं न्हाई. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, मग ते सांगण्यासारखं राहिलं न्हाई."

"आणि सही?"

"माणूस तुरुंगात हाय असं त्यात लिहिलं होतं. मला माहीत होतं, तो तिथं न्हाई. खोट्यावर सही कशी करू?"

बाबा खाली बघत होते. म्हणाले, "मला तरी सांगायचं, वहिनी."

"तार आली तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होता, भाऊजी."

"पुढं मोठा झालो की."

"मोठे झाल्यावर तुम्ही मला विचारलं न्हाई. तुम्ही ठरवून टाकलं."

बाबांनी मान हलवली. ते उठले, तिच्या पाया पडले, आणि तिनं त्यांना अर्ध्यातच धरलं. आम्ही संध्याकाळच्या आत निघालो. गाडीत बाबा एवढंच म्हणाले, की एकटीनं वाहिलं तिनं. मला वाटलं, चला, आता शंका घ्यायला काही उरलं नाही.

अवशेष विमानानं नांदेडला यायचे होते आणि तिथून गाडीनं गावी. मोठी माय म्हणाली, नांदेडपासून मी त्यांच्यासोबत बसून येईन. आदल्या दिवशी एक तरुण कॅप्टन लातूरला आमच्या घरी आला, कागदांवर बाबांच्या सह्या घ्यायला. सभ्य मुलगा होता, बूट बाहेर काढून आत आला. कागदांत सापडलेल्या वस्तूंची यादी होती, इंग्रजीत. बाबांनी न वाचताच सही केली. मी यादी मागून घेतली आणि वाचली. सवयच आहे मला.

बुटाचा तळ. हेल्मेटचा तुकडा. पट्ट्याचं बक्कल. मग एक ओळ होती: छत्रीच्या कापडाच्या पट्ट्या, डाव्या पायाच्या हाडाभोवती, धातूच्या दोन चपट्या तुकड्यांसह. त्याच्या खाली जागा लिहिली होती. विमानापासून बऱ्याच अंतरावर, खडकाच्या आडोशाला.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग कॅप्टनला दारापर्यंत सोडायला गेले आणि अंगणात विचारलं, छत्री उघडली होती तर. तो म्हणाला, त्यावरून काही अनुमान काढता येत नाही. मी म्हणाले, मेलेला माणूस स्वतःच्या पायाला पट्ट्या बांधत नाही. त्यानं टोपी हातात फिरवली. म्हणाला, हवा खराब होती, उंची फार. एक दिवस. जास्तीत जास्त दोन, तेवढेच काढले असतील त्यांनी. मग त्यानं विचारलं, बाईंना आम्ही सांगावं की तुम्ही सांगाल? मी म्हणाले, मी सांगेन. आणि सांगितलं नाही.

गावात दुसऱ्या दिवशी वेशीपासून बॅनर लागले होते. त्यावर मोठ्या बाबांचा फोटो वर्दीत होता. बाबा थांबले आणि बघत राहिले. वर्दीतला फोटो आमच्याकडं उरलाच नव्हता. बॅनरवाल्यानं कॉलेजातल्या एका जुन्या फोटोवरचा चेहरा काढून दुसऱ्याच कुणाच्या वर्दीवर बसवला होता, आणि चेहरा गोरा केला होता. बाबा म्हणाले, हा दादा न्हाई. पण काढायला लावलं नाही.

सरपंचानं सुचवलं होतं की अंत्यसंस्कार रस्त्याकडच्या मोठ्या मैदानात करू, पुढं तिथंच स्मारक होईल. बाबांनी शांतपणे नाही सांगितलं. आमच्या वस्तीची जागा ओढ्याच्या पलीकडं आहे, आजी-आजोबा तिथंच आहेत. तिथंच झालं. पेटी उचलणारे जवान सावकाश पावलं टाकत होते, पण पेटीत वजन नव्हतं हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, सगळी वस्ती त्यांच्यामागं म्हणाली. मग सलामी झाली. मोठी माय बाबांशेजारी उभी होती. तिनं घडी केलेला झेंडा घेतला आणि छातीशी धरला. ती रडली नाही. तिचा चेहरा मोकळा दिसत होता, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

चावडीवर एके काळी 'तिकडंच गेला' म्हणणाऱ्यांपैकी एक जण अजून हयात आहे. काठी टेकत तो बाबांपुढं आला. म्हणाला, "गुरुजी, आम्हाला ठावं होतं, तो पळणारा न्हाई." बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. म्हातारा थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग पाणी मागून निघून गेला.

मोठी माय त्या दिवशी आमच्यासोबत लातूरला आली. सकाळी मी तिला चहा दिला. तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "तू कालपासून काय लपवून राहिलीस?"

मी म्हणाले, काही नाही.

"मी पस्तीस वर्षं पोरं शिकवलीत," ती म्हणाली. "पाटी मागं धरल्यावर कळतं मला."

मी यादी आणून तिच्यापुढं ठेवली आणि ती ओळ मराठीत सांगितली. छत्रीचं, पायाचं, खडकाचं. कॅप्टन काय म्हणाला तेही सांगितलं. आता ती कोसळेल असं मला वाटत होतं. ती कागदावर बोट ठेवून इंग्रजी शब्द एकेक करून वाचत राहिली.

"म्हणजे तो माणूस खोटं बोलला मला," ती शेवटी म्हणाली. "बाकावर बसून."

मी म्हणाले, त्याला खरंच दिसलं नसेल. विमानं किती वेगात असतात.

"का दिसलं होतं, आणि मला सोपं जावं म्हणून सांगितलं न्हाई? का तो मागं वळून बघायला थांबलाच न्हाई?"

तो माणूस आता हयात नाही, विचारणार कुणाला? ज्या माणसाच्या शब्दावर तिनं सगळं आयुष्य काढलं, त्याचाच आता तिला संशय आला होता, आणि तो फिटण्याचा काही मार्ग नव्हता. तो संशय मी तिला दिला होता. न सांगता ठेवला असता तर, असं मी नंतर पुष्कळदा मनात बोलून पाहिलं आहे.

तिनं कागद माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "आई म्हणायच्या तो जिवंत हाय. मी मनात म्हणायची, न्हाई. दोन दिवस का होईना, त्यांचं खरं होतं गं." आणि तेव्हा ती रडली. बाबा आतून आले, काही न विचारता तिच्यापाशी बसले.

ती चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी एकटीच एसटीनं नांदेडला गेली, सोडायला येऊ नका म्हणाली. आठवड्यानं तिचा फोन आला. यादी मराठीत लिहून पाठव म्हणाली, मला नीट वाचायची आहे. मी एक दुपार बसून सगळी यादी स्वच्छ अक्षरात लिहिली. त्या ओळीशी थांबले होते, पण गाळली नाही. फोटो काढून तिला पाठवला.

थोड्या वेळानं तिनं परत फोन केला. म्हणाली, "सातव्या ओळीत 'पायाभोवती बांधलेल्या पट्ट्या' असं लिहिलंयस. कुणी बांधल्या ते लिहिलं न्हाईस."

मी म्हणाले, इंग्रजीतही लिहिलेलं नाही.

"तरी लिही," ती म्हणाली. "स्वतः बांधलेल्या, असं लिही."

मी तसं लिहिलं आणि पुन्हा पाठवलं.